चालू गाडी

जुनी गाडी घ्यायला माणसं येतात ती आधी रंग बघतात. मग टायरला लाथ मारतात. लाथ खाऊन टायर नेमकं काय सांगतो हे एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं घालवूनही मला कळलेलं नाही, पण मारतात बिचारे. हॉर्न वाजवतात, डिकी उघडतात आणि मालकाने ‘इंजिन एकदम लोणी’ म्हटलं की माना डोलावतात. क्लचचं नाव कोणी काढत नाही. महिन्याभराने गाडी चढावर रडायला लागली की मग मला फोन येतो, ‘आधारनाना, जरा बघता का?’ आता बघून काय आरती ओवाळू?

क्लच समजायला अवघड नाही. एकीकडे इंजिन फिरतं, दुसरीकडे चाकं. मध्ये दोघांचे हात एकमेकांच्या हातात देणारी एक चकती असते. पॅडल दाबलं की हात सुटतात, सोडलं की पुन्हा धरले जातात. चकती झिजली की पकड सुटते. इंजिन ओरडत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. हे गाडी घेण्याआधी कळायला हवं, आणि ते मला कळत असे. मी डाव्या पायातली चप्पल काढून उघडा तळवा पॅडलवर ठेवतो. वरचं अर्धा इंच ढिलं आहे की नाही, आतलं बेअरिंग खरखरतंय का, पकड धरताना चकती थरथरते का, हे सगळं तळव्याला कळतं. जळगावात लोक मला ‘क्लचवाले नाना’ म्हणतात, आणि ते ऐकायला मला अजूनही आवडतं.

आता जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगतो. दीड वर्षापूर्वी माझा डावा तळवा बधिर झाला. शुगर. आधी बोटं गेली, मग टाच, मग सगळाच. दिवाळीच्या सुमारास एक स्क्रू दिवसभर तळव्यात रुतून होता आणि मला पत्ता नव्हता. फरशीवरचे रक्ताचे ठसे आमच्या लीलाबाईंनी, म्हणजे बायकोने, पाहिले म्हणून कळलं. तिला गप्प बसायची शपथ घातली. तेव्हापासून मी कानाने आणि गुडघ्याच्या अंदाजाने गाड्या तपासत होतो आणि पाय नुसता दाखवायला पॅडलवर ठेवत होतो. दोन गाड्या अशाच पास केल्या. नशिबाने बरोबर निघाल्या. पण अंदाजाला तपासणी म्हणत नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पाय गेला म्हणजे माझं काम गेलं. काम गेलं की उरतो ओट्यावर कॉट टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारणारा म्हातारा. त्या म्हाताऱ्याची मला फार भीती वाटत होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मृणालीचा फोन आला. मृणाली माझ्या डेपोतल्या ड्रायव्हर मित्राची मुलगी. धुळ्यात तिचा दवाखाना आहे आणि ती नेमकी शुगरच्याच पेशंटांची डॉक्टर. म्हणून दीड वर्षं मी तिच्यासमोर भर उन्हाळ्यातही बूट घालून जात होतो. लहानपणी ती बापाच्या मांडीवर बसून एसटीचं स्टिअरिंग धरायची. गाड्यांचं वेड तिथलंच.

“नाना, भडगावजवळ एक गाडी आहे. बासष्ट सालची, विलायती, दोन सीटची, उघड्या टपाची. बन्सीलालभाऊ म्हणून होते, त्यांची. त्यांच्या नातीने, मयुरीने, पुण्याहून जाहिरात टाकलीय. आजोबा गेल्यापासून गाडी घरीच असते, चालू कंडिशन.”

“चालू तर सगळेच म्हणतात,” मी म्हणालो.

“म्हणून तर तुम्ही हवेत. तुम्ही हो म्हणालात तर घेते. नाही म्हणालात तर विषय संपला.”

तिचा हा विश्वास मला छातीत टोचला. तरी ‘येतो’ म्हणालो.

मी जळगावहून एसटीने पारोळ्याला उतरलो, ती धुळ्याहून आली आणि तिथून तिच्या गाडीने आम्ही भडगावच्या रस्त्याला लागलो. ऊन मी म्हणत होतं. बाराच्या पुढे वाजले होते आणि रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. गिरणेच्या काठाला केळीचा मळा, मळ्यात घर आणि घरामागे केळीचे खोके ठेवायची पत्र्याची शेड. दारात मयुरीच्या आजी, कुंदाबाई, उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आजोबा गेलेत असं जाहिरातीत म्हटलं होतं ना, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण हल्ली बऱ्याच बायका लावतात, आणि ते चांगलंच आहे.

“या भाऊ. पानी पेवा आधी,” त्या म्हणाल्या. “गाडी कोठे पयी चालनी का?”

गाडी कुठे पळून चाललीय का, असं विचारून त्या स्वतःच जरा हसल्या.

पाणी पिऊन मी बूट ओसरीतच काढून ठेवले आणि शेडकडे निघालो. सवय. मधला शहाबादी फरशीचा पट्टा तापून लाल झाला असणार. मी तो आरामात चालत ओलांडला. मागून मृणालीचा आवाज आला, “नाना, पाय भाजत नाहीत?”

उजवा भाजत होता. चांगलाच भाजत होता. डाव्याला खबर नव्हती, आणि मी दोन्ही पाय सारखेच टाकत होतो, हे तिने पाहिलं असावं.

“सवय आहे,” म्हणून मी शेडचं दार ढकललं.

आत गारवा होता. एप्रिलमध्ये, भर दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये. मी मनाशी म्हटलं, केळीच्या मळ्याचा गारवा असेल. गाडी मधोमध उभी होती, मेंदीसारख्या हिरव्या रंगाची, बुटकी, लांब नाकाची. इतकी देखणी वस्तू मी उभ्या जन्मात हाताने चाचपली नव्हती. बॉनेटवर धुळीचा कण नाही. पुढच्या काचेवर मात्र चिलटं-पाखरं चिरडलेली होती. पंख, पिवळे डाग, हायवेवरून आलेल्या गाडीवर असतात तसे.

“रोज सकायले पुससू मी,” कुंदाबाई म्हणाल्या. “रोज इतलाच ऱ्हातस.”

“केळीत चिलटं फार,” मी मृणालीला समजावलं.

टायर बघितले. वरची नक्षी पार गुळगुळीत झालेली. कुंदाबाई म्हणाल्या, सहा वर्षांपूर्वी नवे घातले. शेडबाहेर गाडी किती निघते विचारलं तर म्हणाल्या, निघत नाही. म्हणजे दुकानदाराने जुनेच टायर काळे करून गळ्यात मारले होते, दुसरं काय! पेट्रोलही दर आठवड्याला घालावं लागतं म्हणाल्या. मी खाली वाकून टाकी चाचपली. कुठे गळती सापडली नाही. बारीक असेल, तापल्यावर सुटत असेल.

“आजी, बाकी गाडी चालू आहे ना?” मृणालीने विचारलं.

“चालूच शे माय,” त्या म्हणाल्या. “कव्हयच बंद पडनी नही. त्यास्नी सांगीसनच ठेयेल शे.”

कधीच बंद पडली नाही, असं त्यांनी सांगूनच ठेवलंय; त्यांनी म्हणजे बन्सीलालभाऊंनी. त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी मान हलवली आणि आत बसलो.

आधी हाताने पॅडल दाबून पाहिलं. अर्धा इंच ढिलं, अगदी हवं तेवढं. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं, आणि तेही गरम असल्यासारखं, खोकला नाही की अडखळणं नाही. पॅडल पूर्ण दाबून कान दिला. बेअरिंगचा आवाज नाही. रिव्हर्स टाकला, दात घासले नाहीत. कानाने सगळं ठीक सांगितलं. तळव्याने काही सांगितलं नाही, कारण तो पॅडलवर आहे की नाही हे मला वाकून बघावं लागत होतं. मृणाली समोर हाताची घडी घालून उभी होती आणि गाडीपेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होती.

राहिली शेवटची तपासणी. ही पायाशिवायही करता येते म्हणून मी तिच्यावर भिस्त ठेवून होतो. हँडब्रेक गच्च ओढायचा. चाकांना दगड लावायचे. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची, थोडा अॅक्सिलरेटर द्यायचा आणि क्लच सोडायचा. चकती धडधाकट असेल तर इंजिन चाकं फिरवायला जातं, चाकं बांधलेली असतात, आणि इंजिन जागच्या जागी गचका खाऊन बंद पडतं. बंद पडलं म्हणजे पास. बंद पडलं नाही, नुसतं ओरडत राहिलं, जळका वास आला, तर चकती गेली. यात तिसरं काही घडत नाही. एकतीस वर्षांत घडलं नव्हतं.

दगड लावले. हँडब्रेक ओढला. चौथा टाकला आणि क्लच सोडला.

इंजिन बंद पडलं नाही.

ओरडलंही नाही. उलट त्याचा आवाज खाली गेला, भार घेतल्यासारखा भरदार झाला आणि मग हळूहळू मोकळा होत गेला. हा आवाज मला झोपेतही ओळखू येईल. गाडी चौथ्या गिअरला रस्त्याला लागल्यावर येतो तो हा आवाज. जळका वास नाही. मी चाकाकडे वाकून पाहिलं. चाक दगडाला टेकून स्थिर होतं.

समोरच्या घड्याळातला वेगाचा काटा उचलला. वीस. तीस. हा काटा चाकांच्या बाजूने फिरतो, इंजिनच्या नाही. चाक थांबलेलं असताना तो हलूच शकत नाही. चाळीस.

माझ्या कपाळावरचा घाम वाळला. समोरून वारा येत होता. त्याला पाण्याचा आणि ओल्या गवताचा वास होता. डोळ्यांसमोर मात्र शेडचा पत्राच, खिळ्याला अडकवलेला दोर आणि पत्र्यापाशी मृणाली. तिच्या बटाही हलत नव्हत्या.

आणि मग पाय लागला.

कसं सांगू! डाव्या तळव्याखालची पत्र्याची जमीन मला कळली. आधी तिची ऊब कळली. मग वाळूचे दोन कण, एक अंगठ्याखाली आणि एक टाचेपाशी. मग त्याखालचा रस्ता. डांबर, मध्येच खडी, पुन्हा डांबर. दीड वर्षं मेलेला पाय माझ्याशी बोलायला लागला होता, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मला लाज वाटली नाही. भीतीही वाटली नाही. देवबीव मी मानत नाही, पण त्या क्षणी हात जोडावेसे वाटले, कोणापुढे ते कळत नव्हतं.

टक्, असं काही तळव्याखालून गेलं. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

पुलाचे सांधे. दुरुस्त झालेली एसटी घेऊन मी खानदेशातल्या सगळ्या पुलांवरून गेलोय. वाघूर, गिरणा, पांझरा, तापी. सांधे मोजायची मला खोड आहे. मी मोजायला लागलो.

साठ झाले. शंभर झाले. एकशे चाळीस.

आपल्याकडे एवढा लांब पूल नाही.

खाली पाणी होतं. दिसत नव्हतं, पण त्याचा विस्तार तळव्याला कळत होता, दोन्ही बाजूंना, कुठेही काठ नसलेला. एवढं मोठं काही मी आयुष्यात कधी जाणलं नव्हतं. असंच जात राहावं, असं मला मनापासून वाटलं.

माझा पाय जमिनीवरच होता. क्लचचं पॅडल आपोआप खाली गेलं.

सावकाश गेलं. सराईत पायाने दाबावं तसं. गिअरची दांडी माझ्या गुडघ्याला घासून तिसऱ्यात गेली, मग दुसऱ्यात. काटा उतरत आला. ठोक्यांमधलं अंतर वाढलं. शेवटी दांडी मध्ये येऊन थांबली आणि पॅडल वर आलं. कोणी तरी मला आणून सोडलं होतं.

पाय पुन्हा मेला. इंजिन बंद झालं.

मी बाहेर आलो तेव्हा मृणालीचा चेहरा पांढरा पडला होता.

“गाडी हलली का?” मी विचारलं.

“नाही.” ती थांबली. “पण नाना, तुम्ही लहान दिसायला लागला होतात. रस्त्यावर लांब जाणारं माणूस दिसतं तसे. मी हाका मारत होते.”

कुंदाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांना कसलंच नवल वाटलेलं दिसलं नाही.

“कोठलोंग गयात भाऊ?”

“पूल लागला होता,” मी म्हणालो.

“सरना का तो?”

“नाही.”

“मंग तुमी जवयच व्हतात,” त्या म्हणाल्या. “त्या तं पूल कव्हयच वलांडी गयात.”

मी अजून जवळच होतो; बन्सीलालभाऊ तो पूल केव्हाच ओलांडून गेले होते. तेव्हा मला त्यांचं बोलणं समजलं. गाडी चालू आहे म्हणजे किल्ली मारली की सुरू होते, असं मी धरून चाललो होतो. आम्ही वर्कशॉपवाले ‘चालू’चा तेवढाच अर्थ काढतो. बाई पहिल्यापासून सरळ सांगत होत्या. गाडी चालत होती. थांबलेलीच नव्हती. आणि बन्सीलालभाऊ गेले, हेही त्या घरात कोणी खोटं सांगितलं नव्हतं.

“मग विकता कशाला?” मृणालीने हळूच विचारलं.

“पेट्रोल भराले कोनी तरी पाहिजे माय. काच पुसाले पाहिजे. मी किती दिन पुरसू?”

‘कळवते’ एवढंच मृणाली म्हणाली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

पारोळ्याचा किल्ला मागे पडल्यावर तिने विचारलं, “नाना, तपासणीचं काय? क्लच कसा आहे?”

हो म्हणता आलं असतं. नाही म्हणूनही सुटता आलं असतं. पण सांध्यांचा तो ठोका मनातून जात नव्हता आणि खोटं बोलायची इच्छाच उरली नव्हती.

“मला सांगता येणार नाही, बेटा. माझा पाय गेलाय. दीड वर्ष झालं. आज मी तुला जे काही सांगेन त्यावर विश्वास ठेवू नकोस. या पायावर आता कोणीच ठेवू नये.”

बोललो आणि छाती रिकामी झाली. ज्या म्हाताऱ्याला मी घाबरत होतो, तो आता शेजारी येऊन बसला होता. मृणालीने रागवायला हवं होतं. ती रागावली नाही. जळगावची एसटी पारोळ्यालाच मिळाली असती, पण गाडी तिने थांबवली नाही, सरळ धुळ्याला नेली, दवाखाना उघडला आणि मला टेबलावर झोपवलं.

“डोळे मिटा. काही लागलं की ‘आता’ म्हणा.”

पेशंट कोणी नव्हते. पंखा तेवढा फिरत होता. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही.

“आता,” मी म्हणालो.

ट्रेमध्ये काही तरी ठेवल्याचा आवाज आला.

“आता.” थोड्या वेळाने पुन्हा, “आता.”

“नाना, सुई टोचून झाली. तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवून झाला. तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत,” ती म्हणाली. तिचा आवाज डॉक्टरचा राहिला नव्हता. “आता मी तुम्हाला हातही लावलेला नाही.”

“आता,” मी म्हणालो. सांध्यांचा ठोका चुकत नव्हता.

तिने खुर्ची ओढली. मी डोळे उघडले. तिने आपला उघडा पंजा माझ्या डाव्या तळव्यावर सपाट ठेवला, पेशंटचा ताप बघावा तसा, आणि तशीच बसून राहिली. एक मिनिट गेलं असेल. तिच्या दंडावर काटा उभा राहिलेला मला दिसला. मग तिनेही डोळे मिटून घेतले.

“संपला पूल,” ती पुटपुटली.

मलाही ते त्याच क्षणी कळलं होतं. खाली आता माती होती, मऊ, गार, कोणत्याही चाकाने अजून न दाबलेली. मला काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात मृणाली खुर्चीत अलगद डावीकडे कलली, गाडीत वळणावर आपण सगळेच कलतो तशी, आणि टेबलावर मीही कललो.